घोडीची कास अवेळी भरली तर: तारीख, ताप आणि थेंब पाहून पुढचं पाऊल कसं ठरवावं

घोडीची कास फुगलेली दिसली, सडाच्या टोकाला पांढरा थेंब दिसला, की माणसाचा हात आपोआप सडाकडे जातो: पिळून बघू, किती येतंय. हा हात आधी आवरा. पिळून कास रिकामी केली की ती पुन्हा भरायला लागते. आणि घोडी गाभण असेल तर शिंगराच्या वाट्याचा चीकच वाहून जातो. चीक एकदाच बनतो, गेला की गेला.

फुगलेल्या कासेमागे अगदी वेगवेगळी कारणं असतात. काही आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप ओसरतात, काही एका रात्रीत शिंगरू घालवतात. दुरून दोन्ही सारखीच दिसतात. म्हणून "दूध बंद कसं करू" हा प्रश्न पहिला नसावा. पहिला प्रश्न तारखेचा.

आधी तारीख

घोडी गाभण आहे का, आणि असेल तर आज कितवा दिवस? घोडीचा गाभणकाळ सरासरी ३४० दिवसांच्या आसपास असतो, पण ३२० ते ३६५ दिवसांच्या दरम्यान कधीही व्याली तरी ते नेहमीच्यातच धरतात. कास भरायला सुरुवात होते ती विण्याच्या साधारण ३ ते ६ आठवडे आधी. त्यामुळे ३०५-३१० दिवस उलटल्यावर कास हळूहळू भरू लागली तर काळजीचं कारण नाही. सड स्वतः भरून ताठ होतात ते शेवटच्या आठवड्यात, आणि टोकाला मेणासारखे पिवळट थेंब चिकटतात ते बहुतेक घोड्यांत शेवटच्या १ ते ४ दिवसांत. पहिलारू घोडी हे वेळापत्रक फारसं पाळत नाही. काहींची कास शिंगरू बाहेर येईपर्यंत जेमतेम भरलेली असते.

घोडा दाखवल्याची शेवटची तारीख वहीत असेल तर दिवस मोजा. नसेल, किंवा घोडी नुकतीच विकत घेतलेली असेल, तर "गाभण नाही" हे आधीच्या मालकाचं वाक्य पुरावा म्हणून धरू नका. खच्ची न केलेलं दीड वर्षाचं नर शिंगरूसुद्धा घोडी फळवू शकतं, आणि कळपात ते कुणाच्या लक्षातही येत नाही. शंका असेल तर पशुवैद्याकडून सोनोग्राफी किंवा गुदमार्गातून हातानं तपासणी करून घ्या. जी घोडी तशी तपासणी करू देत नाही, तिच्यासाठी साडेतीन-चार महिन्यांनंतर रक्तातल्या इस्ट्रोन सल्फेट या गाभणपणात वाढणाऱ्या संप्रेरकाची चाचणी होऊ शकते. उत्तर नक्की कळेपर्यंत घोडी गाभणच आहे असं समजून वागा. यात तुमचं काही बिघडत नाही, उलट वागलात तर बिघडू शकतं.

मग तपासणी, याच क्रमानं

ताप आधी मोजा, घोडी शांत असताना. मोठ्या घोडीचं तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस (९९.५ ते १०१.३ फॅरनहाइट) असतं. आकडा आणि वेळ लिहून ठेवा. संध्याकाळी पुन्हा मोजाल तेव्हा सकाळचा आकडा लागेल.

नंतर दोन-तीन घोडे लांबीच्या अंतरावरून, मागून आणि बाजूनं बघा. कासेचे दोन्ही भाग सारखे आहेत की एकच फुगलाय? चालताना मागचा एखादा पाय बाहेर फेकते का, आखडून टाकते का? दुखऱ्या कासेची घोडी मांडी कासेला घासू नये म्हणून पाय फाकवून चालते, आणि पुष्कळदा आधी पायाचंच लंगडणं समजून उपचार सुरू होतात. पोटाखाली बेंबीच्या दिशेनं सूज पसरली आहे का, तेही याच वेळी पाहा.

आता हात. डोक्याशी धरणारा माणूस तुमच्याच बाजूला उभा हवा, म्हणजे घोडी बिथरली तर तो डोकं तुमच्याकडे वळवेल आणि मागचा भाग तुमच्यापासून लांब जाईल. तुम्ही खांद्यापाशी सुरुवात करा, तळहात पाठीवरून, बरगड्यांवरून, कुशीवरून न उचलता मागे आणा, अंग घोडीला चिकटून ठेवा. एरवी गरीब असलेली घोडीही कास दुखत असेल तर लाथ मारते, म्हणून थेट मागून कधीही हात घालू नका. आधी हाताची मागची बाजू कासेला लावा आणि मग मांडीच्या आतल्या कातडीला. उष्णतेतला फरक लगेच कळतो. मग बोटानं सुजेवर दहा सेकंद दाबून सोडा. खड्डा तसाच राहिला आणि घोडीनं कान मागे केले नाहीत, तर ते बहुधा पाणी साचणं आहे. गरम, घट्ट, आणि बोट लावताच अंग आकसतं, तर दाह आहे.

दोन्ही भागांच्या मधल्या खाचेत बोट घालून बघा. तिथे काळा, चिकट, मेणचट मळ साचतो. नुसत्या त्यानंच खाज सुटते, घोडी शेपूट खांबाला घासते, आणि लोक जंताचं औषध पाजत बसतात. कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्यानं तो भिजवून काढा, नखानं खरवडू नका.

शेवटी थेंब. सडाला आपणहून लटकलेला थेंब असेल तर तोच घ्या. नसेल तर हातमोजा घालून दोन्ही सडांतून एकेक थेंब, त्यापुढे नाही. घोडीला सड दोनच, पण प्रत्येक सडाला दोन छिद्रं असतात, क्वचित तीन, आणि प्रत्येक छिद्रामागचा दुधाचा कप्पा वेगळा असतो. म्हणून एकाच सडाच्या एका छिद्रातून स्वच्छ दूध आणि शेजारच्या छिद्रातून पू येऊ शकतो. थेंब काळ्या रबराच्या तुकड्यावर किंवा गडद ताटलीत घ्या. पांढऱ्या कपड्यावर बारीक गुठळ्या दिसतच नाहीत. फिकट, गवताच्या पाण्यासारखा थेंब म्हणजे कासेनं काम नुकतंच सुरू केलंय. दाट, पिवळसर, दोन बोटांत धरून बोटं लांब केली तर तार धरणारा थेंब म्हणजे चीक. गुठळ्या, पू, रक्ताची छटा किंवा दुर्गंधी असेल तर आजार.

गाभण आहे, पण वेळ झालेली नाही

सगळ्यात जास्त गांभीर्यानं घ्यायची परिस्थिती हीच. ३०० दिवसांच्या आत कास भरली, किंवा त्याहून वाईट म्हणजे दूध गळू लागलं, तर त्याच दिवशी पशुवैद्याला बोलावा. "दोन दिवस बघू" म्हणण्याइतका वेळ इथे नसतो.

बहुतेक वेळा संशय जातो तो वारेच्या दाहावर. योनिमार्गातून जंतू गर्भाशयमुखातून वर चढतात आणि वारेच्या त्या टोकाला दाह सुरू होतो. यात सर्वाधिक सापडणारा जंतू म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस झूएपिडेमिकस. दाह झालेली वार संप्रेरकांचा तोल बिघडवते, शरीराला विण्याची वेळ झाल्यासारखं वाटतं, आणि कास भरते. घोडीला ताप नसतो, ती खाते-पिते, ऐटीत चालते. शेपटीच्या आतल्या केसांना किंवा मांडीला वाळलेला स्राव चिकटलेला आहे का ते बघा, पण तो नसला म्हणून निर्धास्त होऊ नका. पुष्कळ घोड्यांत भरलेली कास ही एकच बाहेर दिसणारी खूण असते. मी या लेखात बाकी काही सांगितलं नसतं तरी एवढं नक्की सांगितलं असतं.

पशुवैद्य गुदमार्गातून सोनोग्राफी करून गर्भाशयाची भिंत आणि वार यांची मिळून जाडी मोजतात. २७० दिवसांपर्यंत ती साधारण ७ मिलिमीटरच्या आत असावी, २७१ ते ३०० दिवसांत ८ च्या, ३०१ ते ३३० दिवसांत १० च्या आणि त्यापुढे १२ च्या आत. त्यासोबत शिंगराच्या हृदयाचे ठोकेही बघतात. उपचारात प्रतिजैविक, दाह कमी करणारं औषध आणि गर्भ टिकवणारं अल्ट्रेनोजेस्टसारखं संप्रेरक असतं, आणि ते अनेकदा विण्यापर्यंत चालू ठेवावं लागतं. कास ओसरली म्हणून मधेच औषध थांबवण्याचा मोह होतो. डॉक्टरांनी सोनोग्राफी करून सांगितल्याशिवाय थांबवू नका. लवकर सुरुवात केली तर जिवंत शिंगरू मिळण्याची शक्यता खरोखर चांगली असते, म्हणून तर इतकी घाई करायला सांगतो आहे.

दुसरं कारण जुळी शिंगरं. घोडीच्या गर्भाशयात वार सगळीकडे पसरलेली असते, त्यामुळे दोघांना पुरेशी जागा मिळत नाही. एक मरतं आणि कास भरते. बहुतेक वेळा मग दोन्ही गर्भ पडतात. कास भरून काही दिवसांनी पुन्हा मऊ पडली तर "बरं झालं, गेलं" असं समजू नका. आत काय शिल्लक आहे ते तपासून घ्या. जुळी ओळखून एक कमी करण्याची सर्वांत सोपी वेळ असते फळवल्यानंतर १४ ते १६ दिवसांची, पहिल्या सोनोग्राफीची.

विण्याचा दिवस ओळखण्यासाठी कासेतल्या स्रावाचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता) किंवा कॅल्शियम तपासायच्या पट्ट्या मिळतात. निरोगी घोडीत त्या उपयोगी आहेत: सामू ६.४ किंवा त्याखाली आला की विणं जवळ आलेलं असतं. पण वार आजारी असेल तर हे आकडे आधीच बदलतात. वेळेआधी कास भरलेल्या घोडीत पट्टी बघून "उद्या विणार" असं ठरवू नका.

दूध उतरवायचं म्हणून दिलं जाणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन गाभण घोडीजवळ आणूही नका. त्यानं गर्भाशय आकुंचन पावतं आणि शिंगरू दिवस न भरता बाहेर येतं. गायीसाठी आणलेली बाटली तबेल्यात असेल तर तिच्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

अशा घोडीच्या विण्याला एकटं सोडू नये. विताना आधी पांढरट, पातळ पडद्याची पिशवी दिसायला हवी. त्याऐवजी लाल, मखमली पिशवी बाहेर आली तर वार आधीच सुटली आहे आणि शिंगराला आत प्राणवायू मिळत नाही. डॉक्टर येईपर्यंत थांबू नका. ती लाल पिशवी तिथेच फाडा, फाटत नसेल तर कात्रीनं जपून कापा, आणि घोडी कळ देईल तेव्हा शिंगरू ओढायला मदत करा. वार पडल्यावर ती फेकू नका. पाण्याच्या बादलीत झाकून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.

गळून चाललेल्या चिकाचं काय करायचं

घोडीच्या वारेतून प्रतिकारद्रव्यं शिंगराकडे जात नाहीत. ती चिकातूनच मिळतात आणि शिंगराच्या आतड्याला ती शोषता येतात फक्त पहिल्या १८ ते २४ तासांत, त्यातही पहिल्या सहा-आठ तासांत सर्वाधिक. म्हणून दोन-तीन थेंब टपकले तर सोडून द्या, पण धार लागली असेल आणि तासन्‌तास वाहत असेल, तर स्वच्छ भांड्यात झेला, गाळा, पिशव्यांवर तारीख घालून फ्रीझरमध्ये ठेवा. वापरताना कोमट पाण्यात पिशवी ठेवून वितळवा. मायक्रोवेव्ह किंवा उकळतं पाणी प्रतिकारद्रव्यं मोडून टाकतं. साखर मोजायचा ब्रिक्स रिफ्रॅक्टोमीटर असेल तर आकडा बघा: २३ टक्क्यांच्या वर असेल तर चीक चांगला.

विण्याआधी दूध गळालेल्या प्रत्येक घोडीच्या शिंगराची रक्ततपासणी १८ ते २४ तासांच्या दरम्यान करून घ्या. आयजीजी, म्हणजे चिकातून आलेली प्रतिकारद्रव्यं, डेसिलिटरला ८०० मिलिग्रॅमच्या वर हवं. ते ४०० च्या खाली असेल तर शिरेतून प्लाझ्मा द्यावा लागतो. शिंगरू उड्या मारतंय म्हणून ही तपासणी टाळू नका. कमतरतेचा परिणाम दोन-चार दिवसांनी दिसतो, तेव्हा संसर्ग रक्तात पोचलेला असतो.

पोटाखालची सूज

शेवटच्या महिन्यात कासेपुढे, पोटाखाली पाणी साचणं पुष्कळ घोड्यांत होतं, विशेषतः दिवसभर बांधून ठेवलेल्यांत. दाबलं की खड्डा पडतो, दुखत नाही, अर्धा तास चालवलं की ओसरते. रोज मोकळं सोडा किंवा हातात धरून फिरवा.

मात्र सूज अचानक वाढली, दुखरी आहे, कास पुढे सरकल्यासारखी दिसते, दुधात रक्त आहे, घोडी हलायला तयार नाही, अशी लक्षणं असतील तर अजिबात चालवू नका. पोटाचा भार पेलणारा ओटीपोटापुढचा स्नायुबंध फाटत असण्याची शक्यता असते. घोडीला जागेवर शांत ठेवून डॉक्टरांना बोलावा.

गरम, दुखरी कास

कासदाह, गायी-म्हशींत ज्याला दगडी म्हणतात तो, घोडीत कमी दिसतो. पण होतो, आणि दूध देणाऱ्या घोडीइतकाच दूध तोडलेल्या किंवा कोरड्या घोडीतही होतो. माश्या जास्त असलेल्या उष्ण दिवसांत त्याकडे लक्ष असू द्या. बहुधा एकच बाजू सुजते, ताप येतो, त्या बाजूचा मागचा पाय आखडतो.

एवढ्या एका बाबतीत दूध काढायचं असतं, तेही डॉक्टरांनी निदान केल्यावर. पहिली प्रतिजैविकाची मात्रा देण्याआधी सड स्पिरिटनं पुसून निर्जंतुक नळीत नमुना घ्यायला सांगा, म्हणजे नेमका जंतू आणि त्यावर चालणारं औषध कळतं. कोमट पाण्यात भिजवून पिळलेला टॉवेल दहा-पंधरा मिनिटं कासेवर धरा, मग आजारी बाजू हलक्या हातानं मोकळी करा, मग थोडं चालवा, दिवसातून तीन-चारदा. प्रतिजैविक आणि वेदनाशामक इंजेक्शननं किंवा तोंडावाटे डॉक्टरांच्या सांगण्यानुसार.

गायीच्या सडात सोडायच्या औषधाच्या नळ्या स्वतःहून वापरू नका. त्यांचं टोक घोडीच्या बारीक छिद्राला जाड पडतं आणि आतली त्वचा फाटते. शिवाय एका छिद्रात सोडलेलं औषध शेजारच्या कप्प्यात पोचत नाही. कासेत औषध सोडायचंच असेल तर ते डॉक्टर बारीक नळीनं, प्रत्येक छिद्रात वेगळं सोडतील.

आठवड्याच्या उपचारानंतरही कठीण गाठ राहिली, कातडीवर न भरणारी जखम झाली, तर गाठीचा तुकडा तपासायला पाठवा. कासेचा कर्करोग घोडीत दुर्मिळ आहे, पण झाला तर बहुधा घातक असतो.

गाभण नाही, ताप नाही, तरी दूध

दूध यायला गर्भ लागतोच असं नाही. आधी व्यालेल्या, पण सध्या रिकाम्या घोडीला संप्रेरकं आणि डोपामिन अडवणारं औषध देऊन अनाथ शिंगरासाठी मुद्दाम दुधावर आणता येतं. मेंदूतलं डोपामिन प्रोलॅक्टिनला आवरून धरतं, आणि प्रोलॅक्टिन कासेला चालना देतं. डोपामिन कमी पडलं की दूध. हे लक्षात ठेवलं तर पुढचं सगळं सोपं आहे.

दुसऱ्याचं शिंगरू चोरून पितंय का, ते सगळ्यात आधी बघा. सडांवर ओल आणि लाळ, पहाटे कास रिकामी आणि बांधून ठेवल्यावर भरलेली, असं दिसलं की उत्तर मिळालं. दोघांना वेगळं करा.

मग औषधं आठवा. डोम्पेरिडोन, सल्पिराइड ही डोपामिन अडवणारी औषधं थेट दूध आणतात. गेल्या महिन्यात दिलेलं प्रत्येक इंजेक्शन, प्रत्येक पूड डॉक्टरांना सांगा.

मग चारा. लुसलुशीत नव्या कुरणावर, लसूणघास किंवा क्लोव्हर भरपूर मिळू लागल्यावर रिकाम्या घोड्यांची कास थोडी भरलेली दिसते. या वनस्पतींत इस्ट्रोजेनसारखं काम करणारे घटक असतात. दोन्ही बाजू सारख्या, मऊ, थंड असतील तर खुराक कमी करा, साधं वाळलं गवत वाढवा, हात लावू नका.

घोडी पंधरा वर्षांच्या पुढची असेल तर मात्र पिट्युटरी या मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीच्या विकाराची, म्हणजे पीपीआयडीची, तपासणी करूनच घ्या. यात पिट्युटरीपर्यंत पोचणारं डोपामिनच घटतं. अंगावरचे लांब केस ऋतू बदलला तरी गळत नाहीत, पाठीचे स्नायू उतरतात, पाणी आणि लघवी वाढते, खुरं दुखू लागतात. रक्तातलं एसीटीएच, म्हणजे याच ग्रंथीचं एक संप्रेरक, तपासतात. शरद ऋतूत ते निरोगी घोडीतही वाढतं, म्हणून नमुना कोणत्या महिन्यात घेतला ते अहवालासोबत लिहिलेलं हवं. पर्गोलाइड हे औषध डोपामिनसारखं काम करतं, आणि ते बहुधा आयुष्यभर द्यावं लागतं. अशा घोडीत खुरांची काळजी दुधाच्या काळजीपेक्षा मोठी.

नुकत्याच जन्मलेल्या मादी शिंगराच्या सडांतही कधीकधी दूध दिसतं. आईच्या संप्रेरकांचा तो परिणाम असतो. पिळू नका, आपोआप जातं.

व्याल्यानंतर आणि दूध तोडताना

शिंगरू पहिल्या आठवड्यात तासाला अनेकदा पितं, त्यामुळे व्यालेल्या घोडीची कास कायम मऊसर हवी. ती गच्च भरली, दूध पायांवर ओघळतंय, शिंगराच्या कपाळावर दूध वाळलंय, तर घोडी नव्हे, शिंगरू आजारी आहे. ते सडाखाली उभं राहतं, पण ओढत नाही. अशा वेळी तासभरही थांबू नका. नवजात शिंगराची तब्येत फार वेगानं ढासळते.

शिंगरू तोडल्यावर कास दोन-तीन दिवस दगडासारखी घट्ट होते. हे अपेक्षित आहे. तोडण्याच्या काही दिवस आधीपासून खुराक कमी करा, वाळलं गवत आणि भरपूर पाणी ठेवा, रोज फिरवा, आणि कळवळा येऊन दूध काढू नका, कारण कासेतला दाबच दूध थांबवतो. घोडी अस्वस्थ असेल तर थंड पाण्याची धार पाच-दहा मिनिटं मारा. ताप मात्र रोज मोजा. आठवड्या-दहा दिवसांत कास मऊ पडायला हवी. एक बाजू उतरली आणि दुसरी तशीच घट्ट राहिली, तर त्या बाजूच्या दोन्ही छिद्रांतला थेंब काळ्या रबरावर घेऊन बघा, आणि बारीकशी गुठळी दिसली तरी डॉक्टरांना बोलवा.